जुना ट्रॅक्टर घेताना : आधी तास मोजा, मग इंजिन निवडा

लेण्याद्रीच्या लेण्यांसमोर उभे राहून दक्षिणेकडे दृष्टी टाकली म्हणजे कुकडीचे खोरे पायांशी पसरलेले दिसते. माणिकडोह, येडगाव ह्या धरणांच्या पाण्याने ह्या भागाचे रूप पालटले आहे. जेथे एके काळी बाजरी व हुलगा यांवर समाधान मानावे लागे, तेथे आज ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे उभी आहेत. पिके वाढली, हंगाम एकमेकांस येऊन भिडले आणि दोन पिकांमध्ये रान तयार करण्यास मिळणारे दिवस कमी झाले. त्यामुळे बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली हे स्वाभाविकच होय. परंतु नवीन ट्रॅक्टरची किंमत लहान शेतकऱ्यास झेपत नाही. शासकीय अनुदान मिळते तेही नवीन यंत्रालाच. म्हणून पुष्कळ शेतकरी पंधरा-वीस वर्षे वापरलेला जुना ट्रॅक्टर घेण्याचा मार्ग धरतात. हा मार्ग चुकीचा आहे असे आमचे मत नाही. मात्र त्या मार्गाने जाताना निवड ज्या कसोटीवर केली जाते ती कसोटी चुकीची आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

एका हिवाळ्यात लेण्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी साडेतीन एकरांच्या एका शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास सल्ल्यासाठी बोलाविले होते. बैलजोडी विकून झाली होती. त्या पैशांत पतसंस्थेच्या कर्जाची भर घालून ट्रॅक्टर घ्यावयाचा होता. दोन ट्रॅक्टर पाहून ठेवले होते. एक चार सिलिंडरचा, सुमारे 45 अश्वशक्तीचा. त्यास ताजा रंग दिलेला होता आणि ‘इंजिन नुकतेच बांधले आहे’ असे विकणारा सांगत होता. दुसरा दोन सिलिंडरचा, 25 अश्वशक्तीचा. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, परंतु पहिल्यापासून एकाच घरी वापरलेला. दोहोंच्या किमतींत फारसे अंतर नव्हते.

“नाना, लहान घेऊन तुम्ही करणार काय?” मुलगा म्हणाला, “मोठा घेतला तर गावातली भाड्याची कामं मिळतील. दोन वर्षांत पैसे फिटतील.”

“मिळाली तर!” वडील म्हणाले. “आणि नाही मिळाली, तर हप्ता कोण भरणार? बैल तर आपण विकून बसलो.”

मग दोघेही आमच्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, “साहेब, तुम्हीच सांगा, ह्यांतलं इंजिन कोणतं चांगलं?”

हाच प्रश्न आम्हांस गावोगाव विचारला जातो, आणि ह्या स्वरूपात विचारला असता त्याला उत्तर नाही. इंजिन आपल्या जागी चांगले किंवा वाईट नसते. ते विशिष्ट कामास, विशिष्ट तासांस आणि विशिष्ट खिशास चांगले अथवा वाईट ठरते. म्हणून आम्ही त्या दोघांस उलट एक प्रश्न केला : ट्रॅक्टर वर्षातून किती तास चालणार?

तासांचा हिशेब

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या घरी कोणाजवळ नव्हते. ते काढणे मात्र अवघड नाही. नांगरट, रोटाव्हेटर, सरी पाडणे, पेरणी ही कामे धरली तर दोन पिकांच्या बागायतीस एकरी आठ-दहा तासांहून अधिक ट्रॅक्टर लागत नाही. साडेतीन एकरांचे पस्तीस तास झाले. त्यांत शेणखत व माल वाहण्याचे आणि फवारणीचे पन्नास-साठ तास मिळविले, तरी घरचे काम वर्षाकाठी शंभर तासांच्या आतबाहेर राहते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. तेव्हा हा हिशेब एका घराचा नाही, आपल्यांतील बहुसंख्य घरांचा आहे.

ह्याच्या उलट जो तरुण भाड्याची कामे करतो, कारखान्याचा ऊस वाहतो, दुसऱ्यांची रानेही नांगरून देतो, त्याचे इंजिन वर्षास सातशे-आठशे तास चालते. शंभर तास आणि आठशे तास ह्या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. त्यांस एकच इंजिन योग्य असणार नाही. डिझेलची बचत, सिलिंडरांची संख्या, पंपाचा प्रकार हे सर्व प्रश्न ह्या एका आकड्याच्या उजेडात पाहिले म्हणजे आपोआप सुटू लागतात. आणि हा आकडा ठाऊक नसेल, तर मिस्त्रीचे ज्ञानही उपयोगी पडत नाही. हेच आमचे मुख्य म्हणणे आहे. पुढील विवेचन त्याच्या पुष्ट्यर्थ समजावे.

इंधन फवारण्याच्या दोन पद्धती

जुन्या ट्रॅक्टरांत डिझेल जाळण्याच्या दोन पद्धती आढळतात. एकीत डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावरील पोकळीत फवारले जाते. हिला थेट फवारणी म्हणतात. ट्रॅक्टरच्या नावापुढे ‘डीआय’ ही अक्षरे दिसतात ती ह्याच पद्धतीची खूण होय. दुसरीत डिझेल प्रथम हेडमधील एका लहान कक्षात फवारले जाते, तेथे ते पेट घेते आणि मग ज्वाला मुख्य सिलिंडरात उतरते. हिला पूर्वकक्षाची पद्धत म्हणू.

1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ह्या संस्थेने, म्हणजे आजच्या महिंद्र ट्रॅक्टरांच्या मूळ घराण्याने, बी-275 हा ट्रॅक्टर आपल्याकडे आणला. त्याच्या मूळ इंग्लिश रचनेत पूर्वकक्ष होता आणि थंडीत तो तापविण्यासाठी तापक प्लग बसविलेले असत. पुढे मोठ्या ट्रॅक्टरांत थेट फवारणी रूढ झाली. द्राक्षबागांतून फिरणाऱ्या जपानी धाटणीच्या छोट्या ट्रॅक्टरांत मात्र पूर्वकक्षाची इंजिने अद्याप पुष्कळ आढळतात. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही; नारायणगावच्या बागायतदारासमोर तो आजही उभा आहे.

थेट फवारणीचे इंजिन त्याच कामास साधारणतः शेकडा दहा ते पंधरा डिझेल कमी घेते आणि थंडीतही तापक प्लगावाचून सुरू होते. मात्र तिच्या नोझलास अत्यंत बारीक अशी अनेक छिद्रे असतात. गढूळ डिझेलाने ती लवकर बुजतात. पूर्वकक्षाच्या इंजिनाचे नोझल साधे असते, फवारणीचा दाब कमी असतो, आवाज सौम्य असतो आणि थोडाफार निष्काळजीपणा ते सहन करते. परंतु त्याच्या हेडावर उष्णतेचा ताण अधिक पडतो, आणि जुन्नरच्या थंडीत, पारा 10 अंशांच्या आसपास असता, तापक प्लग जळालेले व बॅटरी दुबळी असेल तर ते पहाटे हाक देत नाही.

आता तासांचा आकडा लावून पाहा. तासाला चार लिटर डिझेल घेणाऱ्या इंजिनात ह्या दोन पद्धतींतील फरक सुमारे अर्धा लिटर येतो. वर्षास शंभर तास चालणाऱ्या घरी तो पन्नास लिटरांचा झाला. लिटरला 90 रुपये धरले तर 4,500 रुपये. आठशे तास चालविणाऱ्यास तो चारशे लिटरांचा, म्हणजे 36,000 रुपयांचा झाला. भाड्याने चालविणाऱ्याने पूर्वकक्षाचे मोठे इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ती स्वस्ताई तो दर वर्षी पंपावर परत करील. घरच्या शेतीपुरता ट्रॅक्टर घेणाऱ्याने मात्र केवळ ह्या कारणास्तव चांगल्या स्थितीतील पूर्वकक्षाचे छोटे इंजिन सोडू नये. त्याच्या दृष्टीने डिझेलपेक्षा इंजिनाची प्रकृती व दुरुस्तीची सोय ह्या गोष्टी अधिक मोलाच्या आहेत.

सिलिंडर किती असावेत?

विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या ऑइल इंजिनाने आपल्या भागास डिझेलची पहिली ओळख करून दिली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास 1946 साली स्थापन झाली, आणि तिच्या इंजिनांचा ठोका विजेचे खांब येण्यापूर्वी कित्येक गावांनी ऐकला. त्या अनुभवामुळे एक सिलिंडरच्या ट्रॅक्टरविषयी जुन्या शेतकऱ्यांच्या मनात आजही विश्वास आहे. 1959 साली फरीदाबाद येथे तयार होऊ लागलेले आयशर ट्रॅक्टर ह्याच सुटसुटीत वळणाचे होते. असे इंजिन उघडण्यास सोपे, त्याचे सुटे भाग थोडे, आणि बांधणीचा खर्चही थोडा. एकच पिस्टन, एकच लायनर, एकच नोझल. उलट बाजूस त्याचा हादरा मोठा असतो. जुन्या यंत्रात त्या हादऱ्याने नटबोल्ट व पत्रे सैल होतात, आणि तो एक सिलिंडर दमला की दुसरा सावरण्यास नसतो. हवेने थंड होणारे इंजिन असेल तर पाण्याची कटकट वाचते, परंतु त्याच्या पंख्यांच्या खाचांत मळणीचा भुसा साचला तर ते तापून बसते. त्या खाचा वेळोवेळी साफ केल्याच पाहिजेत.

दोन व तीन सिलिंडरांची इंजिने हा मधला मार्ग होय. 1970 च्या दशकात मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सने काढलेला स्वराज 724 किंवा पिंजोर येथील एचएमटीचा झेटर 2511 हे दोन सिलिंडरांचे, पंचविशीतील अश्वशक्तीचे ट्रॅक्टर. तर 1960 साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टाफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन 1035 हा तीन सिलिंडरांचा, पस्तिशीतील. तीन सिलिंडरांत ठोके समान अंतराने पडतात, म्हणून इंजिन दोन सिलिंडरांच्या मानाने शांत चालते. चार सिलिंडरांचे इंजिन त्याहूनही शांत चालते, आणि ट्रॉली ओढताना त्याची ताकद सहज जाणवते. परंतु बांधणीची वेळ येते तेव्हा पिस्टन, रिंगा, लायनर व नोझले चार-चार घ्यावी लागतात. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या वाट्याला ही वेळ केव्हातरी येणारच. म्हणून सिलिंडर मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आज आपण सिलिंडरांची ताकद विकत घेतो, आणि उद्या त्यांची दुरुस्तीही विकत घ्यावी लागते.

अश्वशक्तीविषयीही हेच. पाच फुटी रोटाव्हेटरास पस्तीस-चाळीस अश्वशक्तीची गरज लागते हे खरे. परंतु चार फुटी रोटाव्हेटर त्याहून लहान इंजिनावर चालतो, आणि साडेतीन एकरांस तो पुरतो. मोठे इंजिन हलक्या कामावर सतत चालविल्याने त्याचा कस वाढत नाही. ते पुरेसे तापत नाही, नोझल व झडपांवर काजळी धरते आणि डिझेल मात्र खाते. त्यातही जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे भातखाचरे लहान व चिखलणी खोल, तेथे जड ट्रॅक्टर रुततो. पडकईने घडविलेल्या डोंगरउतारावरच्या खाचरांत तर तो वळविण्यासही जागा नसते. तेथील शेतकऱ्याने हलके यंत्रच पाहावे, किंवा बैल राखावेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

इंधनपंपाकडे दुर्लक्ष नको

खरेदीच्या वेळी सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे इंधनपंप. जुन्या ट्रॅक्टरांवर तो दोन प्रकारचा आढळतो. एका प्रकारात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र दट्ट्या असून ते एका ओळीत बसविलेले असतात. ह्या ओळीच्या पंपाच्या यंत्रणेस तेलाचे वंगण मिळते. तो जड व दणकट असतो. दुसरा फिरता, म्हणजे रोटरी पंप. पर्किन्स परंपरेच्या तीन सिलिंडरी इंजिनांवर तो पुष्कळ दिसतो. तो आटोपशीर व अचूक असतो, परंतु त्याच्या अंतर्भागास वंगण मिळते ते डिझेलाचेच. डिझेलात पाणी अथवा माती गेली तर वंगणच नाहीसे होते आणि पंप झिजतो.

आपल्याकडे डिझेल पिंपात भरून गोठ्यात किंवा शेडमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात त्या पिंपात दमट हवेचे पाणी उतरते व तळाशी साचते. जे घर पिंपाचा तळ न ढवळता वरचे डिझेल गाळून घेते, फिल्टर वेळेवर बदलते, त्याने फिरत्या पंपास भिण्याचे कारण नाही. ज्या घरी ही शिस्त राहणार नाही असे मालकास मनोमन ठाऊक आहे, त्याने ओळीच्या पंपाचे इंजिन पाहावे. यंत्राची निवड करताना स्वतःच्या सवयींचा प्रामाणिक विचार करणे हाही शहाणपणाच होय. शिवाय, पंपावरील डिझेल वाढविण्याच्या स्क्रूवर तारेचे व शिशाचे सील असते. ते तुटलेले आढळल्यास कोणीतरी अधिक ताकदीच्या लोभाने डिझेल वाढविले आहे असा संशय घ्यावा, आणि पंप तपासणी-बाकावर लावून घेतल्याविना सौदा करू नये.

ज्या यंत्राचा जाणता जवळ, ते यंत्र आपले

इंजिनाची जात कितीही उत्तम असो, त्याचा सुटा भाग मिळविण्यासाठी आठवडा मोडत असेल तर ते आपल्या कामाचे नाही. एचएमटीचे ट्रॅक्टर एके काळी नावाजलेले होते. 2016 साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. आजही त्या ट्रॅक्टरांपैकी कित्येक चालतात, कारण त्यांचे जाणते मिस्त्री आहेत. परंतु नव्याने घेणाऱ्याने आपल्या भागात असा मिस्त्री आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. आयशरचे ट्रॅक्टर 2005 मध्ये टाफेकडे गेले, पंजाब ट्रॅक्टर्स 2007 मध्ये महिंद्रकडे गेली. तेथे परंपरा खंडित झाली नाही. म्हणून बॉनेटवरील नावापेक्षा पुढील तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. ह्या इंजिनाचे लायनर-पिस्टन जुन्नर, नारायणगाव किंवा मंचरच्या दुकानात मिळतात काय? त्याचा पंप जवळपास कोठे तपासून मिळतो? आणि आपल्या गावात ह्याच जातीचे आणखी दोन-चार ट्रॅक्टर आहेत काय? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. शेजाऱ्याचे यंत्र आपल्याच जातीचे असेल तर अडचणीच्या वेळी सल्ला, पाना आणि प्रसंगी सुटा भागही बांधावर मिळतो.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना. 50 अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नवीन ट्रॅक्टरांस 1 जानेवारी 2023 पासून धुराविषयीचे अधिक कडक नियम लागू झाले, आणि त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची फवारणी आली. तसे ट्रॅक्टर जुन्या बाजारात येतील तेव्हा त्यांची परीक्षा कानाने व हाताने होणार नाही. त्यास संगणकाचे उपकरण लागेल. लहान शेतकऱ्याने तूर्त साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाकडेच पाहावे, असे आमचे मत आहे.

ताजा रंग आणि थंड इंजिन

आता त्या मुद्द्याकडे वळू, ज्यावर आमचा अनेकांशी मतभेद होतो. ‘इंजिन नुकतेच बांधले आहे’ हे वाक्य ऐकले की घेणारा निर्धास्त होतो. आमच्या मते तेथेच त्याने अधिक सावध व्हावे. इंजिन बांधल्याची पावती, कोणते भाग बदलले त्यांची यादी आणि बांधणाऱ्या मिस्त्रीचा ठावठिकाणा ह्या तीन गोष्टी दाखविता येत नसतील, तर ते इंजिन बांधलेले नसून सजविलेले आहे असे समजावे. नुसत्या रिंगा बदलून व जाड तेल ओतून धूर काही दिवस दबतो. झिजलेला क्रँक दबत नाही. ह्याउलट, न बांधलेले परंतु झिजेची लक्षणे उघडपणे दाखविणारे इंजिन हा प्रामाणिक सौदा असतो. त्याच्या बांधणीचा अंदाज मिस्त्रीकडून घेता येतो, तेवढी रक्कम किमतीतून वजा करता येते आणि काम आपल्या डोळ्यांदेखत करून घेता येते.

परीक्षा करण्यासाठी शक्यतो पहाटे, न कळविता जावे. प्रथम इंजिनाच्या अंगावर हात ठेवावा. ते थंडगार असले पाहिजे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय ते पाहावे. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. मग इंजिन सुरू करावे. सुरुवातीस थोडा पांढरा धूर येऊन दोन-चार मिनिटांत विरला तर चिंता नाही; तो येतच राहिला आणि रेडिएटरात बुडबुडे दिसले तर हेड अथवा गॅस्केट गेले. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. ओझ्यावर दाट काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. इंजिन चालू असता तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून फुंकरीसारखा जोराने वारा व धूर येत असेल तर लायनर-पिस्टन झिजले आहेत. त्यानंतर रोटाव्हेटर लावून किंवा भरलेली ट्रॉली जोडून चढावर अर्धा तास काम घ्यावे, आणि इंजिन चांगले तापल्यावर तेलाचा दाब मंद गतीवर किती उतरतो ते पाहावे. थंड इंजिनात सगळ्यांचाच दाब चांगला असतो. खरी परीक्षा तापल्यावर होते.

कागदपत्रांतही इंजिनाची परीक्षा असते. नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक एकच आहे काय, हे स्वतः वाचून पाहावे. कर्जाचा बोजा उतरविल्याचा दाखला मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे 1955 साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात त्या जातीच्या इंजिनाची खरी ताकद व डिझेलचा खप नोंदलेला असतो. जाहिरातीतील आकड्यांपेक्षा तो अहवाल अधिक विश्वसनीय होय. कृषी सहायकांकडे किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याविषयी विचारणा करावी.

दुसरी बाजू

आमच्या ह्या मतावर आक्षेप घेतला जाईल की, असा तासांचा हिशेब करीत बसणारा शेतकरी मोठा होणार कधी? मोठा ट्रॅक्टर घेतला म्हणून भाड्याची कामे मिळाली आणि घर वर आले, अशी उदाहरणे आहेत. ती आम्ही नाकारीत नाही. त्या तरुण मुलाचा विचार मूर्खपणाचा मुळीच नव्हता. केवळ घरच्या शंभर तासांवर कोणताही ट्रॅक्टर पुरता वसूल होत नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते. प्रश्न इतकाच की ते वरचे तास खरे आहेत की मनातले? ज्या गावात आधीच दहा ट्रॅक्टर भाड्याने फिरतात, तेथे अकराव्यास काम मिळते ते बहुधा दर पाडून. म्हणून आमची सूचना अशी की, भाड्याच्या भरवशावर मोठे इंजिन घेणाऱ्याने आधी वहीत नावे लिहावीत : कोण, किती एकर, कोणते काम. तीनशे तास नावानिशी भरले तर थेट फवारणीचे तीन सिलिंडरांचे पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचे इंजिन अवश्य घ्यावे. वहीत नावे भरली नाहीत, तर तो ट्रॅक्टर कर्ज फेडणार नाही. कर्जच ट्रॅक्टरला ओढील. आणि घरचे कामही साठ-सत्तर तासांच्या आत असेल, तर भाड्याने काम करून घेणे किंवा पूर्वीच्या इरजिकीप्रमाणे दोघा-तिघा भाऊबंदांनी मिळून एक ट्रॅक्टर ठेवणे हेच हिताचे. न घेतलेला ट्रॅक्टर हीसुद्धा कधी कधी उत्तम निवड असते.

त्या घरी पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करू. मुलाने आठ दिवस वही घेऊन गाव पालथे घातले. ऐंशी तासांची नावे मिळाली, त्यांतलीही काही उधारीची. नंतर एका पहाटे बापलेक, न कळविता, दोन्ही ट्रॅक्टर पाहून आले. रंगविलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर मुलाने हात ठेवला, तो ते कोमट होते. कोणीतरी त्यांच्या आधी ते सुरू करून ठेवले होते. दुसरे थंडगार होते. ते तिसऱ्या फेऱ्यास सुरू झाले, थोडा पांढरा धूर देऊन मोकळे झाले. झाकणातून मात्र वारा येत होता. मिस्त्रीने स्पष्ट सांगितले की हे एक-दोन हंगाम काढील, मग बांधावे लागेल. त्या बांधणीचा अंदाज किमतीतून वजा करून त्यांनी तोच दोन सिलिंडरांचा ट्रॅक्टर घेतला, आणि वाचलेली रक्कम खर्च न करता पतसंस्थेत वेगळी ठेवली.

पहिल्या मृगात वापसा तीन दिवसच टिकला. त्या तीन दिवसांत त्यांची पेरणी झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन बांधावे लागले. पैसे बाजूस ठेवलेले होते, लायनर जुन्नरातच मिळाले, काम काही दिवसांत उरकले. मुलगा वही अजून ठेवतो. तासांची बेरीज तीनशेवर गेली की मोठा ट्रॅक्टर घ्यावयाचा, असे बापलेकांत ठरले आहे.

लहान शेतकऱ्याच्या हाती भांडवल एकदाच येते. ते बैलांचे असो, दागिन्यांचे असो वा कर्जाचे. ते चुकीच्या इंजिनात अडकले तर वापशाचे दिवस हातचे जातात, आणि गेलेला वापसा कोणताही मिस्त्री परत आणून देत नाही. यास्तव शेतकरी बंधुभगिनींनी रंग व अश्वशक्ती यांस न भुलता प्रथम आपले तास मोजावे, मग मिस्त्री जवळचा पाहावा आणि शेवटी थंड इंजिनावर हात ठेवून मगच सौदा करावा, एवढीच आमची विनंती आहे.